चाळीस घोड्यांचा फितूर

१

बारा वाजून पाच मिनिटांनी डोना किंचाळली आणि माझ्या हातातला स्ट्रॉबेरी पायचा तुकडा गवतावर पडला. वेळ मी मुद्दाम सांगतेय. नागपूर डिव्हिजनच्या कंट्रोल ऑफिसात सव्वीस वर्षं मी टेबलावर बसून गाड्या चालवल्यात. काहीही घडलं की आधी घड्याळ बघायचं, मग तोंड उघडायचं, ही सवय आता माझ्याबरोबरच जाईल.

डोना म्हणजे केटल काउंटीच्या इतिहास मंडळाची ग्रंथपाल. पेनसिल्व्हेनियातली ही डोंगराळ, शेतकऱ्यांची काउंटी. शहरी डॉक्टर इकडे फिरकत नाहीत, म्हणून व्हिसावाल्यांना पाठवतात. माझी लेक प्रीता तशीच इथल्या हॉस्पिटलात आली. जावई देवांग घरूनच कंप्युटरवर काम करतो. मी सहा महिन्यांसाठी आलेली, आणि दोघांच्या घरात लुडबुड करण्यापेक्षा मंडळाच्या म्युझियममध्ये जुने कागद लावलेले बरे, म्हणून रोज तिथे जायची.

डोना म्युझियममधून धावत आवारातल्या मांडवात आली. चेहरा पांढराफटक.

"कॅथरिनची वही नाही! कपाट रिकामं आहे!"

सगळे खुर्च्या सरकवून उठले. कारण ती वही काय आहे हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

अठराशे त्रेसष्टच्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या यादवीत, दक्षिणेचं सैन्य या काउंटीत घुसलं. धान्य, बूट, गुरं, हाती लागेल ते नेलं. काळ्या माणसांनाही पकडून दोरांनी बांधून गुलामीत नेलं, मग ते जन्मापासून स्वतंत्र का असेनात. शेतकऱ्यांनी आपले चाळीस घोडे डोंगरामागच्या एका घळीत लपवले होते. चौथ्या दिवशी स्वार सरळ त्या घळीत गेले आणि चाळीसच्या चाळीस घेऊन गेले. म्हणजे कोणीतरी फितूर झालं होतं. काउंटीच्या छापील इतिहासात त्याचं नाव आहे: जोनास बेट्स, काळा लोहार. त्याच दिवशी तो गायब झाला, म्हणजे त्यांच्याबरोबर पळाला, असं पुस्तक म्हणतं.

गेल्या वर्षी एका माळ्यावरच्या ट्रंकेत सतरा वर्षांच्या कॅथरिन वेन्ट्झची वही सापडली. जुन्या जर्मन वळणाचं अक्षर, आपल्या मोडीसारखं, चार लोकांनाही लागत नाही. डोनाला लागतं. तिने वाचलं आणि सांगितलं, की जोनास फितूर नव्हता.

आज त्या आक्रमणाचा स्मृतिदिन; सकाळी मिरवणूक झाली, आणि संध्याकाळी सहाला सभा होती. आक्रमणाच्या स्मारकावरच्या नव्या ब्राँझ पाटीवर काय लिहायचं ते ठरणार होतं, आणि सोमवारी मजकूर ओतकाम करणाऱ्यांकडे जाणार होता. वहीची पानं मागाहून घुसडली आहेत अशी शंका काहींनी काढली होती. म्हणून राज्याच्या अभिलेखागारातून एक तज्ज्ञ बाई मूळ वही तपासायला येत होत्या. डोनाने काढलेले फोटो चालणार नाहीत, असा सभेचा ठराव होता. मूळ वही नसेल तर पाटीवर जुनाच मजकूर जाणार, लोहाराच्या फितुरीसकट.

मांडवाच्या कोपऱ्यात चौऱ्याऐंशी वर्षांच्या लुएला बेट्स बसल्या होत्या. जोनासच्या पणतूची मुलगी. मी त्यांना लुएलाताई म्हणते, त्यांनाही ते आवडतं. डोनाचं ओरडणं ऐकून त्या उठल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पुन्हा."

२

शेरीफचा डेप्युटी आला. तरुण, विनम्र, आणि वाटेल ते झटपट लिहून घेणारा. अर्ध्या तासात त्याचं कोडं सुटलं होतं, आणि मला तेच आवडलं नाही.

त्याचा हिशेब असा. सकाळी आठला डोनाने म्युझियम उघडून वही वाचनालयातल्या काचेच्या कपाटात ठेवली. तेव्हाच लुएलाताई आल्या आणि वहीसमोर बसून राहिल्या. आठ पन्नासला डोना मांडवाकडे गेली. लुएलाताई आणखी पाच मिनिटं थांबून निघाल्या. कपाटाची किल्ली शेजारच्याच खिळ्यावर. मग नऊ वाजता एनॉस झूक नावाचा आमिश सुतार नवी फळी बसवायला आला. आमिश म्हणजे ते लोक, जे वीज, मोटार, फोन काही वापरत नाहीत आणि घोड्याच्या बग्गीतून हिंडतात. खोटं बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती. डेप्युटीने त्याला विचारलं, घड्याळ बघितलं होतंस? तो म्हणाला, बघितलं होतं, नऊ वाजले होते, आणि कपाट रिकामं होतं.

म्हणजे वही पाच मिनिटांत गेली. त्या वेळी अख्खं गाव नदीपलीकडच्या मैदानावर झेंडा चढवत होतं. म्युझियमपाशी दोनच माणसं: डोना आणि लुएलाताई.

"मिस बेट्स," डेप्युटी म्हणाला, "तुम्हाला आठवतंय का, चुकून पिशवीत वगैरे..."

"माझ्या पिशवीत बीपीच्या गोळ्या आहेत," लुएलाताई म्हणाल्या. "बघ."

त्याने खरंच बघितलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागे कोणीतरी पुटपुटलं, की वही खोटी होती म्हणून म्हातारीनेच पळवली, बेट्स लोकांचं हे असंच.

मी लुएलाताईंना पुस्तकांच्या टेबलाजवळ सावलीत बसवलं. तिथे काउंटीच्या इतिहासाच्या प्रतींची चळत विकायला ठेवली होती. जोनासबद्दल नेमकं काय छापलंय ते बघावं म्हणून मी वरची प्रत उचलली. पहिल्या पानावर मंडळाच्या सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि त्यात माझी, देवनागरीतली. शुक्रवारीच केली होती. आपलं नाव बघून बरं वाटलं, मी पान उलटलं. पान दोनशे बारा: 'भ्याड लोहाराने आपली कातडी वाचवली.'

"हे आम्हाला शाळेत मोठ्याने वाचायला लावायचे," लुएलाताई म्हणाल्या. "पाचवीत. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी तोच परिच्छेद मला दिला. मी वाचला. माझ्या भावाने गाव सोडलं, बहिणीने आडनाव बदललं. मी राहिले. कोणीतरी राहायला हवं ना, तो परत आला तर दार उघडायला? मूर्खपणा आहे, दीडशेच्या वर वर्षं झाली. पण आमच्या घरात असंच म्हणायचे."

 मी पुस्तक दणकन मिटलं आणि देवांगला हाक मारली.

"आई, प्लीज," देवांग म्हणाला, "डेप्युटी आहे ना. त्याला त्याचं काम करू दे यार."

"यार कोणाला म्हणतोस? सासू आहे मी तुझी. गाडीची किल्ली घे आणि मला एक मोठा चौकटींचा कागद आणून दे."

३

पहिला संशय माझा ट्रॉयवर होता. हा दरवर्षीच्या मिरवणुकीत दक्षिणेचा कॅप्टन होतो, करडा गणवेश, नकली तलवार, मिशा मात्र खऱ्या. महिन्यापूर्वी भर सभेत त्याने सांगितलं होतं, की ती वही म्हणजे थोतांड आहे.

"अजूनही तसंच वाटतं," तो लिंबूपाणी पीत म्हणाला. "पण मी चोरलं नाही. मी पुलावर होतो."

लॉरेल फोर्ड गावाच्या मधून नदी जाते. तिच्यावर जुना, छपराचा, एका वेळी एकच वाहन जाईल असा लाकडी पूल. अलीकडे म्युझियम आणि बाजार, पलीकडे मैदान आणि शेतं. दुसरा पूल अकरा मैलांवर.

"सव्वाआठला मिरवणूक पुलावर चढली आणि मी पलीकडच्या तोंडाला अडथळा लावला," ट्रॉय म्हणाला. "तोफ होती, घोडे होते, मागून लोक येत होते. साडेनऊला अडथळा काढला आणि तोफेमागे गेलो. तोवर म्युझियमकडे जायला माशीही सोडली नाही. एक आमिश बग्गी आली होती, तिलाही थांबवलं. बिचारा बराच वेळ बसून होता."

मी ते लिहून घेतलं आणि मंडळाचे अध्यक्ष कर्ट वेन्ट्झ यांच्याकडे गेले. सत्तरीचा उंच, देखणा माणूस. अजून मिरवणुकीच्याच वेषात, म्हणजे पणजोबांच्या बापाच्या, अ‍ॅडम वेन्ट्झच्या वेषात होता. ती वही लिहिणारी कॅथरिन या अ‍ॅडमचीच मुलगी. वहीत बापाविषयी काही वाईट असेल तर सगळ्यात जास्त झोंबणार यालाच, हे न कळायला मी काही दुधखुळी नव्हते.

"तुम्ही माझ्यावर संशय घेणार हे उघड आहे," तोच म्हणाला. "नऊ वाजता मी मैदानावर झेंडा चढवत होतो. सहाशे माणसं बघत होती."

"मी पण बघत होते," मी म्हटलं. "छान चढवलात."

देवांगने बोलता बोलता कॉफीचा कप त्याच्या टेबलावर ठेवला. कर्ट ताडकन उठला आणि कप उचलून खिडकीत ठेवला. टेबलावर शंभर वर्षांपूर्वीची किराण्याची यादी होती.

"माफ करा," तो म्हणाला. "पण हे कागद गेले की गेले. माझ्या आईने आजीची पत्रं चुलीत घातली होती. त्या गोष्टीसाठी मी तिला कधीच माफ केलं नाही."

तेवढं खरं होतं. त्याच्या घरात गावाच्या कचरापेटीतलं चिटोरंसुद्धा फायलीत लावलेलं असतं.

"झेंड्यानंतर कुठे होता तुम्ही?"

"मैदानावरच, सगळ्यांबरोबर. साडेदहाला परत आलो. अकराला टाइम कॅप्सूल भरली, ते तर तुम्ही बघितलंत."

ते सगळ्यांनीच बघितलं होतं. स्मारकाच्या पायात ठेवायची स्टीलची पेटी. कर्टने यादी वाचत एकेक वस्तू आत ठेवली: शाळेची मासिकं, बियाणांची पाकिटं, गावाचा नकाशा, पुठ्ठ्याच्या खोळीत काउंटीचा इतिहास, सभासदांच्या सह्यांसहित. मग झाकण बोल्टांनी आवळून लाखेचं सील. शंभर वर्षांनी उघडायची.

"तुमचा वेळ घेतला," असं म्हणून मी उठले. माणूस खोटं बोलतोय असं वाटत होतं, पण सहाशे साक्षीदारांपुढे माझ्या वाटण्याला कोण विचारतो!

४

एक वाजून चाळीस मिनिटं. देवांगच्या गाडीच्या बॉनेटवर मी कागद पसरला.

कंट्रोलमध्ये आम्ही असाच तक्ता काढायचो. खाली वेळ, बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. गाडी धावत असली की रेघ चढते-उतरते, थांबली की आडवी जाते. एकेरी मार्गावर दोन रेघा स्टेशनाबाहेर छेदल्या की समजायचं, कुठेतरी घोळ आहे आणि आत्ता फोन उचलला नाही तर माणसं मरतील.

मी बाजूला चार स्टेशनं लिहिली: म्युझियम, पूल, मैदान, एनॉसचं शेत. कर्टची रेघ काढली, लुएलाताईंची काढली, डोनाची, ट्रॉयची. सगळं गुण्यागोविंदाने जुळलं. मग एनॉसच्या बग्गीची रेघ काढायला घेतली आणि पेन्सिल थांबली.

"देवांग, हे बघ. साडेनऊपर्यंत बग्गी पुलाच्या पलीकडे अडकलेली. ट्रॉयने स्वतः थांबवली. आणि नऊ वाजता तीच बग्गी म्युझियमच्या दारात?"

देवांगने दोनदा बघितलं. "वेट. हे इम्पॉसिबल आहे."

"एक गाडी दोन ठिकाणी. कंट्रोलमध्ये असं झालं की दोनच कारणं असतात. एक तर स्टेशनमास्तर खोटं बोलतोय, नाहीतर त्याचं घड्याळ."

"पण आमिश माणूस खोटं बोलणार नाही. आणि ट्रॉयला बग्गीचं खोटं सांगून काय मिळणार?"

"मग घड्याळ. चल, गाडी काढ."

५

एनॉस झूकच्या शेतावर पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याची बायको जेवणाची भांडी आवरत होती. सुतारकामाच्या शेडमध्ये लाकडाचा छान वास, आणि भिंतीवर एक किल्लीचं घड्याळ. त्यात एक वाजून दहा मिनिटं.

"घड्याळ बंद पडलंय का?" मी विचारलं.

एनॉस हसला. लाल दाढीचा, चाळिशीतला माणूस. "नाही. बरोबर आहे."

देवांगने फोन काढून वेळ दाखवली. एनॉसने मान हलवली. "ती तुमची वेळ. उन्हाळ्यात सरकार एक तास पुढे ढकलतं, आम्ही ढकलत नाही. सूर्य डोक्यावर आला की आमचे बारा."

मी देवांगच्या पाठीत धपाटा घातला. म्हणजे आनंदाने.

"पण इथले बाकीचे आमिश तर घड्याळ पुढे करतात," देवांग म्हणाला. "त्यांच्या दुकानात मी जातो ना."

"इथले करतात. आम्ही मार्चमध्ये ओहायोतून आलो. आमच्या मंडळीत तशी रीत नाही."

"मग डेप्युटीला सांगितलं का नाहीस?"

"त्याने विचारलं, घड्याळ बघितलंस का. मी बघितलं होतं. नऊ वाजले होते." त्याच्या कपाळावर आठी पडली. "काही चुकलं का?"

चुकलं कुठे, बाबा! डेप्युटी या काउंटीतच वाढला होता. इथले आमिश कोणती वेळ पाळतात हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं, की त्याने विचारलंच नाही. बाहेरचा असता तर विचारलं असतं. म्हणजे एनॉस म्युझियममध्ये पोचला गावाच्या दहा वाजता. वही पाच मिनिटांत गेलेली नव्हती, तासाभरात गेली होती. आणि त्या तासाच्या शेवटच्या भागात पूल उघडा होता.

"पूल उघडल्यावर पहिला कोण गेला?" मी विचारलं.

"एक स्वार. दौडत."

"कोण?"

"माणसाकडे मी बघितलं नाही," एनॉस जरा ओशाळून म्हणाला. "घोडी बघितली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, मागच्या उजव्या पायाची नाल सैल झालेली. अशा नालेवर दौडवू नये. नंतर तीच घोडी म्युझियमच्या मागे बांधलेली होती. मी काम संपवून निघालो तोवर नव्हती. नालेचं सांगावं म्हणून मालक शोधत होतो."

मिरवणुकीत सगळ्यात पुढे असलेली तांबडी घोडी सहाशे लोकांनी बघितली होती. सकाळी मीच तिला गूळ समजून ब्राउन शुगरचा खडा भरवला होता.

"कर्ट!" देवांग म्हणाला. "ओके, आता कॉप्सना फोन?"

"आणि काय सांगायचं? घोडी पकडा? वही कुठे आहे ते सांग आधी. सहाला ती टेबलावर पाहिजे."

६

परतीच्या वाटेवर मी तक्त्यात डोकं घालून बसले. देवांगला ते फारच जड गेलं असावं, कारण तो सारखा म्हणत होता, की जाळली असेल, नदीत टाकली असेल.

"जाळणार नाही," मी शेवटी म्हटलं. "कॉफीचा कप आठव. आजीची पत्रं जाळली म्हणून सख्ख्या आईला माफ न करणारा माणूस पणजोबाच्या बहिणीची वही जाळेल? त्याला ती नष्ट करायची नाही. त्याला ती फक्त आज नको आहे. तो जिवंत आहे तोवर नको आहे."

"मग घरी ठेवली असेल."

"घराची झडती होऊ शकते. त्याला अशी जागा हवी जिथे वही सुरक्षित राहील, उंदीर नाही, ओल नाही, आणि कोणीही हात लावणार नाही. वर्षानुवर्षं."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, मृणालिनी! सव्वीस वर्षं नोकरी केलीस की झोपा काढल्यास?

"देवांग, थांबव गाडी! नको, थांबवू नको, पळव! म्युझियम!"

डेप्युटी दुसऱ्या कामावर काउंटीच्या पार टोकाला गेला होता, त्याला शोधून आणण्यातच तीन तास गेले. पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी पुस्तकांच्या टेबलावरची ती प्रत उचलली आणि काखेत मारून सभागृहात शिरले.

सभागृह खचाखच भरलं होतं. राज्याच्या तज्ज्ञ बाई, मिस ओकाफोर, रिकाम्या टेबलासमोर बसल्या होत्या. लुएलाताई पहिल्या रांगेत, ताठ. कर्ट माइकपाशी उभा राहून दुःखी चेहऱ्याने सांगत होता, की मूळ वही दुर्दैवाने उपलब्ध नसल्यामुळे...

"थांबा," मी म्हटलं.

माझं इंग्रजी रेल्वेतलं आहे, पण आवाजही रेल्वेतलाच आहे. सगळे वळले.

मी आधी पुलाचं सांगितलं, मग एनॉसच्या घड्याळाचं. डेप्युटीचे कान लाल झाले. मग घोडीचं सांगितलं. कर्ट हसला.

"मी नाल बघायला घोडी परत आणली होती. इतक्या धावपळीत सांगायचं राहिलं. त्यावरून मी चोर ठरतो?"

"त्यावरून नाही," मी म्हटलं आणि पुस्तक उघडून वर धरलं. "शुक्रवारी आपण सगळ्यांनी एकाच प्रतीवर सह्या केल्या. टाइम कॅप्सूलमध्ये ठेवायच्या प्रतीवर. ही बघा तुमची सही, ही डोनाची, ही ट्रॉयची. आणि ही माझी, मराठीतली. या काउंटीत अशी सही करणारी मी एकटीच. ही प्रत मला आज दुपारी विक्रीच्या चळतीत मिळाली. पुस्तक इथे आहे, मिस्टर वेन्ट्झ. मग तुमच्या पेटीतल्या खोळीत काय आहे?"



"पेटी सीलबंद आहे," कर्ट म्हणाला. आवाज बदलला होता. "ती शंभर वर्षं उघडायची नाही. तसा ठराव आहे."

"ठराव आपणच केला होता," मागून ट्रॉय म्हणाला. करड्या गणवेशातच उठून तो पाना घेऊन पुढे आला. "थोतांड असेल तर असेल. मला बघायचंय."

७

सहा बोल्ट. एकेक निघताना मी मनात मोजत होते. ट्रॉयने झाकण उचललं, मिस ओकाफोर यांनी पांढरे हातमोजे चढवून खोळ बाहेर काढली आणि हलकेच तिरकी केली. मऊ टिश्यूच्या चार घड्यांत गुंडाळलेली, दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावून नीट जपलेली, कॅथरिन वेन्ट्झची वही त्यांच्या हातात उतरली.

लोक ओरडायला लागले. डोना रडत होती. डेप्युटी लुएलाताईंसमोर जाऊन टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी तुमची पिशवी बघायला नको होती." त्या म्हणाल्या, "नको होती." बस, एवढंच.

कर्ट खुर्चीत बसला. "मी ती जाळू शकलो असतो," तो मला म्हणाला.

"हो. आणि जाळली नाहीत, म्हणून तर सापडलात."

मिस ओकाफोर यांनी वीस मिनिटं घेतली. शिवण बघितली, दोरा बघितला, शाई भिंगाखाली धरली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "एकही पान मागाहून घातलेलं नाही. अस्सल आहे."

डोनाने त्या दिवसाचं पान उघडलं. तिने खणखणीत वाचलं:

'अधिकाऱ्याने जोनासला आमच्या अंगणात उभं केलं. म्हणाला, घोडे कुठे आहेत ते सांग, तुला, बायकोला आणि मुलाला सोडतो. जोनास म्हणाला, मी नाला ठोकतो, घोडे राखत नाही. त्यांनी त्याला मारलं. पुन्हा विचारलं. पुन्हा मारलं. तो बोलला नाही. मग त्यांनी आमच्या कोठाराला लावायला मशाल आणली, आणि बाबांनी सांगितलं. बाबांनीच सांगितलं. घोडे नेले आणि जोनासलाही दोर बांधून नेलं. त्याची बायको आणि मुलगा आमच्या तळघरात होते, ते त्यांना सापडले नाहीत. रात्री बाबा म्हणाले, कोणी विचारलं तर जोनासचं नाव घ्यायचं, तो काही परत येणार नाही. मी कोणाला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिते.'

लुएलाताई रडतील असं मला वाटलं होतं. त्या उठल्या. काठी खुर्चीलाच टेकवून ठेवली आणि चालत माइकपाशी गेल्या.

"मला पाचवीत पान दोनशे बारा वाचायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "मी अडखळले म्हणून बाईंनी पुन्हा वाचायला लावलं. इथे माझ्या वर्गातले तिघं बसलेत. त्यांना आठवत असेल." तीन पांढरी डोकी खाली गेली. "त्याला सुटका देऊ केली होती. नुसतं बोट दाखवायचं होतं, दुसऱ्यांच्या घोड्यांकडे. त्याने दाखवलं नाही. आणि मी त्याच्या रक्ताची आहे. हे मला आज मोठ्याने म्हणायचं होतं. मी जोनास बेट्सच्या रक्ताची आहे!"

अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या इतक्या वाजल्या की खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि मी तर शिट्टीही वाजवली, गार्डसारखी, दोन बोटं तोंडात घालून. देवांगने हे व्हिडिओ करून प्रीताला पाठवलं, ते मला नंतर कळलं.

शांत झाल्यावर उपाध्यक्षांनी कागद पुढे ओढला. "पाटीवर काय लिहायचं, मिस बेट्स? तुम्ही सांगा."

त्यांनी एक क्षणही विचार केला नाही. "लिहा. जोनास बेट्स, लोहार. त्याला विचारलं, मारलं, सुटकेचं आमिष दाखवलं. त्याने सांगितलं नाही."

"आणि अ‍ॅडम वेन्ट्झचं नाव? खरं काय ते लिहायचं झालं तर..."

सगळ्यांच्या नजरा कर्टकडे गेल्या. तो मान खाली घालून बसला होता. लुएलाताईंनीही त्याच्याकडे बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "ते वहीत आहे, ज्याला वाचायचं तो वाचेल. पाटीवर त्याच्या मुलीचं नाव घाला. हे कॅथरिन वेन्ट्झने लिहून ठेवलं, असं. सतरा वर्षांची होती पोरगी. बापाच्या घरात बसून बापाविरुद्ध खरं लिहिलं तिने."

कर्टने तोंड ओंजळीत लपवलं. त्याचे खांदे हलत होते.

उपाध्यक्षांनी मजकूर मतदानाला टाकला. ट्रॉयचा करड्या बाहीचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग डोनाचा, मग त्या तीन पांढऱ्या डोक्यांचे, मग रांगांमागून रांगा. शेवटी, फार हळू, कर्ट वेन्ट्झचाही गेला. मला मत नव्हतं, मी तर पाहुणी, व्हिसासुद्धा सहाच महिन्यांचा. तरी मी दोन्ही हात वर केले, आणि खाली घ्या असं मला कोणी म्हटलं नाही.